हुशार फळ्यावर पवित्र पाणी

शाळेसाठी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, असं मी गावात सांगते. ते एकच खोटं एका सप्टेंबरात सुरू झालं आणि पुढच्या सप्टेंबरापर्यंत चाललं, पण मध्ये खंड पडला नाही म्हणून मी ते एकच धरते. आता मी शहात्तर वर्षांची आहे. गुडघे गेले, दात बरेचसे गेले, स्मरणशक्ती मात्र नको तितकी शाबूत राहिली आहे.

स्लिवारच्या प्राथमिक शाळेची मी मुख्याध्यापिका होते. मुलं मला मोठ्या बाई म्हणत आणि मुलांचे आईबापही तेच म्हणत, कारण तेही माझ्याच हाताखालून गेलेले. त्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. स्लिवारमध्ये एक्केचाळीस मुलं, सहा किलोमीटरवरच्या द्रेनित्सात अडतीस. एवढ्याशा मुलांसाठी दोन शाळा परवडत नाहीत, तेव्हा एकच राहील. ती केंद्रशाळा होईल आणि दुसऱ्या गावची मुलं बसने तिथे येतील. पुढच्या मे महिन्यात समिती येऊन दोन्ही शाळा बघणार होती. काय बघणार याची यादी जोडली होती आणि यादीत पहिलंच वाक्य जाड अक्षरांत होतं: 'अध्यापनात आधुनिक तंत्रज्ञानाचा प्रत्यक्ष वापर.'

पत्र वाचून मी घाबरले नाही. उलट मनातल्या मनात द्रेनित्साच्या ल्युबेन गुरुजींची कीव केली. ते तिथले मुख्याध्यापक, मधमाश्या पाळायचे, फावल्या वेळात गावाचे रेडिओ दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या शाळेत होते दोन जुने संगणक, त्यातला एक बंद. मला मात्र युरोपच्या योजनेतून हुशार फळा मंजूर झाला होता. बोट लावलं की चित्र बदलणारा. अख्ख्या खोऱ्यात तसा दुसरा नव्हता.

फळ्याच्या आधी प्रशिक्षण आलं. जिल्ह्याच्या गावातल्या हॉटेलात तीन दिवस, विषय 'परिवर्तनाचं नेतृत्व'. राजधानीहून, सोफियाहून, एक बारीक टायवाला तरुण आला होता. त्याने एक वर्तुळ काढलं, मध्ये मुख्याध्यापक लिहिलं आणि वर्तुळातून सगळीकडे बाण काढले. बदल नेत्यापासून सुरू होतो, असं तो तीन दिवस वेगवेगळ्या बाणांनी सांगत राहिला. मी सगळे बाण उतरवून घेतले. फळ्याचं बटण कुठे असतं हे तेवढं राहिलं, कारण हॉटेलातला फळा बिघडलेला होता आणि आम्ही कागदावर काढलेल्या फळ्यावर सराव केला. तिसऱ्या दिवशी जाड कागदाचं प्रमाणपत्र मिळालं: 'नवोपक्रमशील नेता'. मी ते चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलं. शेजारच्या गिन्कामावशींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मी निवडणुकीला उभी राहणार आहे का, असं विचारलं. आमचे हे सोफ्यावरून म्हणाले की उभी राहू दे, तेवढीच घराबाहेर असेल.

ऑगस्टच्या शेवटी दोन माणसं ट्रकमधून फळा घेऊन आली. दुसरीच्या वर्गात भिंतीला फळा लावला, छताला प्रकाश टाकायचं यंत्र टांगलं, टेबलावर संगणक ठेवला. माझ्याकडून चौदा सह्या घेतल्या आणि चौदाही ठिकाणी शाळेचा गोल शिक्का. आमच्याकडे शाळेतली प्रत्येक वस्तू, कोळशाच्या फावड्यापासून पृथ्वीच्या गोलापर्यंत, मुख्याध्यापकाच्या नावावर असते. हरवली, फुटली, जळली, तर जबाबदार तोच. ती माणसं जाताना म्हणाली की पहिल्यांदा सुरू करायला इंजिनियर येईल, तोवर हात लावू नका.

इंजिनियर येणार ऑक्टोबरात. पण शाळा सुरू होते पंधरा सप्टेंबरला. त्या दिवशी सगळं गाव फुलं घेऊन येतं, सरपंच भाषण करतात, पाद्रीबाबा पाणी मंत्रून मुलांवर शिंपडतात. एवढा फळा भिंतीवर आणि गावाला तो नुसता पांढरा दाखवायचा? बदल नेत्यापासून सुरू होतो, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

लावायला वायर पुरत नव्हती. आमच्या शाळेत हिवाळ्यात भट्टी पेटवणारा मिंचो, हा गडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि शाळेचा सुतार, गवंडी, वायरमन सगळं तोच. त्याने तळघरातून एक लांब वायर आणली. तिच्या टोकाला चार भोकांचा बोर्ड होता, त्याने स्वतः तरुणपणी बनवलेला. तो टेबलाखाली जमिनीवर ठेवला.

पाद्रीबाबा हारालांपी दरवर्षी पाणी अंगणातच शिंपडायचे. त्या वर्षी मी त्यांना आग्रह करून वर्गात आणलं. उंच, धिप्पाड माणूस, हात राखून काही करायची सवय नाही. एका हातात तांब्याचं भांडं, दुसऱ्या हातात तुळशीची मोठी जुडी. दारात ते थबकले आणि मला हळूच विचारलं, "यंत्र आहे ना हे, बाई? पाण्याने काही होणार नाही ना?"

"पाद्रीबाबा, युरोपचं काम आहे," मी म्हणाले. "फळ्यावर जरा जास्तच शिंपडा."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. साक्षीला पन्नास माणसं होती. त्यांनी जुडी बुडवली आणि फळ्यावर, छतावरच्या यंत्रावर, संगणकावर, सरपंचांच्या नव्या सुटावर असं चारही बाजूंना उडवलं. पाणी फळ्यावरून ओघळलं, टेबलावर आलं आणि टेबलावरून खाली. मी पुढे झाले, गावाकडे तोंड करून हसले आणि मागे हात नेऊन बटण दाबलं.

फट् असा आवाज झाला. टेबलाखाली निळी ठिणगी उडाली आणि धूर आला.

देवाची कृपा अशी की मागेच धूपदान हलत होतं. लोकांना वाटलं धूर त्याचाच. म्हाताऱ्या बायकांनी क्रॉसची खूण केली, सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. खरं काय झालं ते मला, मिंचोला आणि दुसरीच्या वर्गशिक्षिका स्नेझा बाईंना कळलं. स्नेझा बाई पांढऱ्या पडल्या होत्या. मी उद्घाटन झाल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांना चीज भरलेली बानित्सा खायला जेवणघरात नेलं.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. मिंचोने कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त दारूच्या दुकानात सांगितलं होतं. मग सल्ले सुरू झाले. गिन्कामावशी म्हणाल्या की चुलीवर जिथे मिरच्या वाळवतो तिथे आठ दिवस टांग. आमच्या ह्यांनी केस वाळवायचं यंत्र सुचवलं, तेही माझंच. सरपंचांच्या मते संगणक कोंड्यात पुरून ठेवायला हवा होता, कोंडा ओल ओढतो. पाद्रीबाबांना फार वाईट वाटलं, त्यांनी पुन्हा एकदा प्रार्थना करू का विचारलं, बिनपाण्याची. मिंचोने मात्र एवढंच विचारलं की दुसऱ्या वायरने लावून बघू का. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, ही शाळेची मालमत्ता आहे, तुझी भट्टी नाही. आता कुणी बोट लावायचं नाही. जे झालं ते माझ्या नावावर आहे, आणखी काही जळालं तर तेही माझ्याच नावावर जाईल. मी फळ्यावर आईच्या हातचा भरतकामाचा चादरीएवढा रुमाल टाकला, संगणकाच्या पेटीला सुतळी बांधली आणि सुतळीच्या गाठीवर लाखेने शाळेचा शिक्का मारला.

कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. काय झालं, तिने विचारलं. म्हटलं, थोडं ओलं झालं. कशाने ओलं? पाण्याने. नळाचं, पावसाचं की छताचं गळतं? मी म्हणाले, मंत्रलेलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली की तिच्या अर्जात तसा रकाना नाही. तिने 'इतर द्रव' असं लिहिलं आणि द्रवाने झालेलं नुकसान हमीत बसत नाही, यंत्र जळालं असं समजा, असं सांगितलं. इंजिनियरही मग आला नाही, कारण माझ्या फोनमुळे त्यांच्या वहीत आमचा फळा जळालेला म्हणून नोंदला गेला. हे शिक्षण कार्यालयाला कळवायचं तर आधी पंचनामा, पंचनाम्याला समिती, आणि समिती म्हटलं की मे महिन्याचीच समिती. मी कळवलं नाही. गावानेही तोंड शिवून घेतलं. शाळा गेली तर गाव जाईल, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. दुकान, बस, दवाखान्याची गाडी, सगळं शाळेला धरून होतं.

जानेवारीत ल्युबेन गुरुजींचा फोन आला. बर्फ पडलेला, रस्ते बंद होऊन नुकतेच उघडलेले. ते म्हणाले की त्यांची मुलं हुशार फळ्याबद्दल सारखी विचारतात, एक दिवस घेऊन येऊ का, नुसती बघतील, हात लावणार नाहीत. मी सांगितलं की आमचं वेळापत्रक फार भरलेलं आहे, फळ्याला तर उसंत नाही. ते म्हणाले, समजतं, चालू यंत्राला विश्रांती कुठली. आवाजात काही टोचणी नव्हती. फोन ठेवल्यावर आमचे हे म्हणाले, "अगं, एवढी लाल का झालीस?" मी म्हणाले, शेगडी जास्त पेटली आहे.

एप्रिलात समितीची तारीख आली. तीन माणसं, प्रमुख इन्स्पेक्टर काराइवानोवा बाई. त्या दुसरीचा उघडा तास बघणार होत्या, अर्थात फळ्यावर.

उघडा तास म्हणजे काय ते आमच्या पिढीच्या शिक्षकांना सांगायला नको. बाहेरची माणसं मागे बसतात आणि तास पहिल्यांदाच होत असल्यासारखा होतो. खरं तर तो पाच वेळा झालेला असतो. येतं त्याने उजवा हात वर करायचा, येत नाही त्याने डावा, म्हणजे वर्गात हातांचं जंगल दिसतं आणि बाई फक्त उजव्यांना विचारतात. माझ्या लहानपणापासून हे चालत आलं आहे. मी यात कधी काही वाईट मानलं नव्हतं. पाहुण्यांसमोर घर झाडतो तसं ते.

पण जळालेला फळा झाडून चालत नाही. उपाय मिंचोला सुचला, किंवा मला सुचला आणि मी तो त्याच्या तोंडून वदवून घेतला, आता नक्की आठवत नाही. आठवत नाही अशी ही एकच गोष्ट, आणि तिच्याबद्दल मला संशय आहे. दुसरीच्या वर्गाच्या मागे नकाशांची खोली होती आणि तिच्या दाराच्या वर काचेची खिडकी. माळ्यावर जुनं फिल्मपट्टीचं यंत्र होतं, ज्यात दिवा असतो आणि खुंटी फिरवली की पुढचं चित्र येतं. आमच्या लहानपणी वर्ग अंधारा करून त्यावर गोष्टी दाखवायचे. मिंचोने स्टुलावर उभं राहून त्या खिडकीतून चित्र टाकायचं. फळा पांढराच होता, चित्र सुरेख उठत होतं. छतावर नवं यंत्र टांगलेलंच, प्रकाश तिथूनच येतो असं कुणालाही वाटेल. मुलाने फळ्याला बोट लावलं की मिंचोने खुंटी फिरवायची.

पट्टी निवडली 'वर्षाचे ऋतू'. साम्यवादी राजवटीतली, सहकारी शेतीच्या काळातली. तिच्यातलं एक चित्र, लाल रुमालवाली मुलं ट्रॅक्टरला सलाम करताहेत, ते स्नेझा बाईंनी काळ्या शाईने रंगवून टाकलं. मग सराव. पंधरा मुलं, दहा दिवस. मुलं फार लवकर शिकली. त्यांना खरंच मजा वाटत होती. मिग्लेना नावाची एक मुलगी होती, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "पण मोठ्या बाई, मिंचोकाका आत आहेत हे पाहुण्यांना सांगायचं नाही?" मी म्हणाले, नाही, हे आपलं गुपित. ती खूश झाली. मीही हसले. आता ते हसू आठवलं की मी उशीत तोंड घालते.

सोळा मेला समिती आली. रिवाजाप्रमाणे मुलांनी भाकरी आणि मीठ पुढे केलं, पाहुण्यांनी तुकडा मोडला. काराइवानोवा बाई जाडजूड, दम लागणाऱ्या, चेहऱ्याने कडक. त्या मागच्या बाकावर नेमक्या नकाशांच्या खोलीच्या दाराखाली बसल्या. मी शेजारी. मला डोक्यावर मिंचोचा श्वास ऐकू येत होता.

स्नेझा बाईंनी सुरुवात केली. पहिल्या मुलाने फळ्याला बोट लावलं आणि शरद ऋतू आला, द्राक्षांच्या टोपल्या. दुसऱ्याने लावलं, पहिलं बर्फ. समितीतला तरुण भराभर लिहीत होता. काराइवानोवा बाई माझ्याकडे वाकून कुजबुजल्या की ही चित्रं त्यांनी कुठेतरी पाहिली आहेत. म्हटलं, जुनीच आहेत, संगणकात घातली. त्या म्हणाल्या, "ट्रॅक्टरवाल्या मुलांचं होतं ना एक? ते काढलंत का?" मी म्हणाले, आता अभ्यासक्रमात नाही. त्यांनी सुस्कारा टाकला. त्या ट्रॅक्टरवर त्यांचा जीव होता असं दिसलं.

मग त्या उठल्या. तासात मध्येच उठल्या, जे उघड्या तासात कुणी कधी करत नाही, आणि चष्मा सारत फळ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. स्नेझा बाई थिजल्या. बोट कुणी लावेना, म्हणून मिंचो खुंटी फिरवेना. फळ्यावर हिवाळा होता, टेकडी, घसरगाडी, पांढरंशुभ्र बर्फ. ते यंत्र जुनं, दिवा तापायचा, पट्टी एका जागी फार वेळ ठेवायची नसते, हे आम्हा सर्वांना माहीत होतं. टेकडीच्या मधोमध एक तपकिरी ठिपका उमटला. तो वाढायला लागला. कडेने बुडबुडे आले.

"हे काय होतंय?" काराइवानोवा बाईंनी विचारलं. स्नेझा बाईंना नाही, वर्गाला विचारलं.

पंधराच्या पंधरा डावे हात वर गेले. मी सत्तावीस वर्षांत तसं दृश्य पाहिलं नव्हतं. मी उठायचं ठरवलं, खरं सांगते, उठून सांगायचं ठरवलं होतं, पण उठले नाही. तेवढ्यात मिग्लेना डावा हात वर ठेवूनच उभी राहिली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "वसंत येतोय, बाई. बर्फ वितळतंय. खाली माती दिसायला लागली." आणि जाऊन तिने फळ्यावर हात ठेवला. खिडकीतल्या मिंचोने देवाचं नाव घेऊन खुंटी फिरवली आणि फळ्यावर खरोखर वसंत आला, सफरचंदाची फुलं.

काराइवानोवा बाईंनी डोळे पुसले. त्या म्हणाल्या की इतक्या वर्षांत यंत्राने इतकं जिवंत शिकवलेलं पाहिलं नाही. मिग्लेनाला त्यांनी जवळ घेतलं आणि वर्गाच्या वहीत सगळ्यांसमोर तिच्या नावापुढे सहाचा आकडा लिहिला, आमच्याकडचा सर्वांत मोठा गुण.

पाहुणे गेल्यावर मिग्लेना माझ्या खोलीत आली. तिने विचारलं, "मोठ्या बाई, तो सहा कशाचा? निसर्ग अभ्यासाचा की कशाचा?" मी म्हणाले, निसर्ग अभ्यासाचा. ती म्हणाली, "पण ते जळत होतं." मी तिला चॉकलेट दिलं. सत्तावीस वर्षं शिकवून त्या क्षणी माझ्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं. तिने ते घेतलं, पण खाल्लं नाही, खिशात ठेवलं.

समिती दुसऱ्या दिवशी द्रेनित्साला गेली. तिथे काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. तंत्रज्ञानाचा वापर विचारल्यावर ल्युबेन गुरुजींनी सांगितलं की दोन संगणक आहेत, एक चालतो, मुलं पाळीपाळीने बसतात. दुसरा बंद आहे, तो मुलं उघडून बघतात, आणि त्याच्यातूनच जास्त शिकतात. समितीने लिहिलं: 'अपुरा'.

जूनमध्ये निकाल आला. स्लिवार केंद्रशाळा. गावाने मेंढरू भाजलं. सरपंचांनी मला मिठी मारली, गिन्कामावशींनी फेर धरला, पाद्रीबाबांनी सगळ्यांच्या डोक्यावर पाणी शिंपडलं आणि सगळे उगाच हसले. आमच्या ह्यांनी चौथ्या पेल्याला जाहीर केलं की नवोपक्रमशील नेता त्यांच्याच घरात राहतो. मी घरी गेले आणि ते प्रमाणपत्र भिंतीवरून काढून कपाटात उशांच्या मागे ठेवलं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हटलं, खिळा हलत होता.

सप्टेंबरात द्रेनित्साची बस आली. अडतीस मुलं उतरली आणि शेवटी ल्युबेन गुरुजी. त्यांना आमच्याकडे साधे शिक्षक म्हणून नेमलं होतं, दुसरीच्या वर्गावर, कारण स्नेझा बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. त्यांनी टोपी काढून मला नमस्कार केला. मुलांना घेऊन वर्गात गेले. मी मागोमाग. फळ्यावर अजून आईचा रुमाल होता.

"मोठ्या बाई, मुलं वर्षभर या फळ्याची वाट बघताहेत," ते म्हणाले. "लावू का?"

मी म्हणाले, बिघडला आहे. आणि मग का कोण जाणे जोडलं, कालच.

त्यांनी रुमाल नीट घडी करून माझ्या हातात दिला. सुतळीवरचा शिक्का बघितला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्यांनी तो तोडला. मग गुडघ्यावर बसून टेबलाखाली गेले आणि मिंचोचा चार भोकांचा बोर्ड बाहेर काढला. तो आतून काळा पडला होता. त्यांनी आपल्या पिशवीतून दुसरी वायर काढली, लावली, आणि बटण दाबलं. ते बटण पुढे होतं, उजवीकडे. मागच्या वर्षी मी मागे हात नेऊन कुठलं दाबलं होतं, देव जाणे.

छतावरचं यंत्र घुमायला लागलं. फळा आधी निळा झाला. मग मोठ्या अक्षरांत वाक्य आलं आणि आमच्या मुलांना फळ्यावर जे येईल ते मोठ्याने वाचायची शिस्त आम्हीच लावलेली, म्हणून वर्गातल्या सगळ्या मुलांनी एका सुरात वाचलं:

"स्वागत. हे उपकरण प्रथमच सुरू होत आहे. भाषा निवडा."

दारात पालक उभे होते, सरपंच होते, पाद्रीबाबा तुळशीची जुडी घेऊन उभे होते. आता तिसरीत गेलेली मिग्लेना दारातून आत बघत होती. तिने ते वाक्य ओठांतल्या ओठांत दुसऱ्यांदा वाचलं. तिला कळलं. माझ्याकडे तिने या वेळी पाहिलं नाही.

ल्युबेन गुरुजींनी पाठ माझ्याकडे ठेवूनच विचारलं, "कोणती भाषा निवडू, मोठ्या बाई?"

"आपलीच," मी म्हणाले.

मधल्या सुट्टीत मी त्यांना अंगणात गाठलं. ते बाकावर बसून सफरचंद कापत होते. मी म्हणाले की मे महिन्यात जे झालं ते...

"माहीत आहे," ते म्हणाले. "मिंचो जूनमध्ये मध न्यायला आला होता. सगळं सांगितलं. बिचाऱ्याला झोप लागत नव्हती."

"मग तक्रार का नाही केलीत? तुमची शाळा राहिली असती."

"कुणाची राहिली असती? फसवणूक निघाली असती तर त्यांनी दोन्ही बंद करून सगळी मुलं जिल्ह्याच्या गावी पाठवली असती. चाळीस किलोमीटर. सहा किलोमीटरला मुलं बसमध्ये गाणी म्हणतात. चाळीसला झोपून जातात."

त्यांनी सफरचंदाची फोड माझ्यापुढे केली. मला ती घ्यावी लागली.

"एकच सांगतो, बाई, मनात ठेवू नका," ते म्हणाले. "जानेवारीत मी फोन केला होता, तेव्हाच सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी येऊन वायर बदलून दिली असती. पंधरा मिनिटांचं काम. मग मे महिन्यात तुम्हीच जिंकला असतात आणि आमची शाळा खरोखरच्या फळ्यापुढे हरली असती. पोरांना ते समजावणं मला सोपं गेलं असतं."

घंटा झाली. ते उठले, सालं रुमालात गुंडाळली आणि मुलांना रांगेत उभं करायला गेले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत चार वर्षं मी त्यांची मुख्याध्यापिका होते. फळा त्यांनी चालवला, मलाही शिकवला, बोटाने रेघ मारायला मला दोन महिने लागले. रोज सकाळी शाळेच्या दारात ते टोपी काढायचे आणि म्हणायचे, नमस्कार, मोठ्या बाई. चार वर्षांत एकदाही टोमणा मारला नाही. मी रोज त्या टोमण्यासाठी मान खाली घालून दारात उभी राहायचे.